रिक्षाच्या वायरिंगमधला 'शॉट'

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईत रिक्षा सुरू होते ती वांद्रे आणि सायन यांच्या उत्तरेला. दक्षिणेकडे, म्हणजे जुन्या शहरात, तिला परवानगी नाही. म्हणून रिक्षा हे खऱ्या अर्थाने उपनगराचे वाहन. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कोणत्याही स्टेशनाबाहेर पावसात उभे राहिले म्हणजे तिची किंमत कळते. आपल्यापैकी पुष्कळजण रोज तीत बसून महाविद्यालयात येतात. बसल्यावर आपले लक्ष असते मीटरकडे, फार तर खड्ड्यांकडे. आपल्या पायांखालून तारांचा एक जुडगा पुढून मागे गेलेला आहे याची जाणीव होते ती मागचा दिवा बंद पडल्यावर, आणि तीही आपल्याला नव्हे, मागून येणाऱ्या डंपरवाल्याला.

माझे वडील घाटकोपर पश्चिमेला रिक्षा चालवतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी कविता दिल्या, प्रवासवर्णने दिली. मी फारशी कोठे प्रवासाला गेलेली नाही. मला नीट माहीत असलेली गोष्ट म्हणजे रिक्षाच्या दिव्यांचे वायरिंग. कारण माझा हात बारीक आहे आणि हॅन्डलच्या मागच्या सांदीत तो सहज जातो. तेव्हा तेच लिहीत आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.

प्रथम शब्दाचाच विचार करू. रिक्षावाले म्हणतात, 'वायरिंग शॉट झाली.' हा 'शॉर्ट सर्किट'चा अपभ्रंश. शाळेच्या पुस्तकात त्याला 'लघुपरिपथ' म्हटले होते. शब्द भारदस्त खरा, पण ऐकणाऱ्याला वाटते की कसला तरी छोटा परिपथ असावा. येथे 'शॉर्ट'चा अर्थ जवळची वाट असा घ्यायचा. स्टेशनावर पूल असतो, पण चार पायऱ्या चढायच्या कोणी म्हणून लोक रूळ ओलांडून पलीकडे जातात. वीजही तशीच. तिने बॅटरीतून निघून, स्विचमधून, दिव्याच्या बारीक तारेतून घाम गाळीत जावे आणि मग परतावे अशी आपली अपेक्षा. पण वाटेतच तारेचे आवरण कोठे सोलवटले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले, की दिवा टाळून सगळी वीज तेथूनच परत फिरते.

पत्र्याला टेकल्याने वीज परत कशी फिरते, असा प्रश्न येईल. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. रिक्षात मात्र बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच लांब तार जाते. दुसरी तार वीतभर असते आणि जवळच्याच पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सबंध सांगाडा. बॅटरीचे ऋण टोक याच सांगाड्याला जोडलेले असते. मेकॅनिक याला 'बॉडी अर्थ' किंवा नुसते 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. हीच युक्ती आपल्या लोकलगाडीतही आहे. तिच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची एकच तार असते, आणि परतीची वाट रुळांतून. एका तारेची बचत होते, पण जोखीमही येते: गाडीत जेथे जेथे पत्रा आहे, तेथे तेथे ही जवळची वाट तयार होण्याची शक्यता आहे.

रिक्षाची बॅटरी १२ व्होल्टची. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. १२ व्होल्टला हात लावला तर सहसा झटकाही जाणवत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ लोक तिला निरुपद्रवी समजतात. येथे थोडे गणित करावे लागेल. जर्मनीत कोलोन येथे शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली नियम मांडला, की व्होल्टला रोधाने भागले म्हणजे विजेचा प्रवाह मिळतो. (ओहमचे वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते आणि मुलांना त्यांनी घरीच शिकवले, हे वाचून मला फार बरे वाटले.) आमच्या रिक्षाचा हेडलाइट ३५ वॅटचा, पुढचे-मागचे छोटे दिवे ५ वॅटचे, शिवाय मीटरजवळचा बारीक बल्ब. सगळे मिळून ६० वॅटच्या आत. साठाला बारांनी भागा. ५ अँपिअर. ही रोजची गरज.

आता शॉट झाला असे समजा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. बॅटरीपासून तीन मीटर अंतरावर तार पत्र्याला टेकली, तर रोध उरला जेमतेम ०.०५ ओहम. बाराला त्याने भागले तर २४० अँपिअर येतात. प्रत्यक्षात बॅटरीचा स्वतःचा रोध, गंजलेले सांधे, टेकण्याची जागा हे सर्व आड येते, त्यामुळे एवढा प्रवाह वाहत नाही. पण पन्नास-शंभर अँपिअर सहज वाहतात. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, असे १८४० च्या सुमारास इंग्लंडात जूल यांनी प्रयोगाने दाखवले. प्रवाह पाचाचा पन्नास झाला, म्हणजे दहापट, उष्णता शंभरपट. ५० अँपिअरला त्या तारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ४३ वॅट उष्णता निर्माण होते. कथील वितळवणारे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे आपण बसतो त्या सीटखालून एक लांबलचक तापलेले सोल्डरिंग आयर्न गेले आहे, असे समजावे. तारेवरचे प्लास्टिक त्यापुढे किती वेळ टिकणार? शेजारच्या तारांचे प्लास्टिकही त्याबरोबर जाते. आणि आज मुंबईच्या रिक्षा सीएनजीवर चालतात, गॅसची टाकी गाडीतच असते, हेही ध्यानात ठेवावे.

हे होऊ नये म्हणून फ्यूज. रंगीत प्लास्टिकच्या चकतीत दोन पाय आणि मध्ये धातूची अरुंद पट्टी, अशी त्याची घडण. रंगावरून आकडा ओळखायचा: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जादा प्रवाह आला की ती पट्टी प्रथम वितळते आणि वाट बंद होते. म्हणजे फ्यूज उडणे हा बिघाड नव्हे. बिघाडाची ती वर्दी आहे. पण ज्याला रात्रीचे भाडे सोडवत नाही तो उडालेल्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, किंवा तारेचा तुकडा खोचतो. 'चालतंय ना!' असे म्हणतो. चालते हे खरेच. आता फ्यूजऐवजी वायरिंग वितळणार, एवढाच फरक. फ्यूजची किंमत एका कटिंग चहाएवढी. पण रात्री दहा वाजता रस्त्यात तो मिळत नाही, आणि गिऱ्हाईक मागे बसलेले असते. माझ्या वडिलांनाही स्टँडवर हा सल्ला अनेकांनी दिला आहे. त्यांनी तो मानला नाही, कारण एका रिक्षाची जळून काळी झालेली सीट त्यांनी पाहिलेली आहे.

आता मूळ विषय. फ्यूज उडतो आहे, तर शॉट शोधायचा कसा?

सर्वसाधारण पद्धत अशी, की नवा फ्यूज घालायचा, उडाला की दुसरा घालायचा, मध्ये इकडची तार हलव, तिकडची ओढ असे करायचे. यात फ्यूज जातात, आणि प्रत्येक वेळी तारेला तो दणका बसतो. याहून चांगली रीत वडिलांना एका वयस्क वायरिंगवाल्याने दाखवली. ते कामाला लागले तेव्हा कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी मोटारी तयार होत होत्या, आणि त्या मोटारींच्या वायरिंगवर त्यांचा हात बसला. पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली; रीत मात्र रिक्षाला जशीच्या तशी लागू पडते.

ती अशी. इंडिकेटरचा किंवा ब्रेकचा २१ वॅटचा साधा बल्ब घ्यायचा, होल्डरसकट. एलईडी नको, तारेचाच हवा. होल्डरच्या दोन वायरी फ्यूजच्या दोन खाचांत बसवायच्या. म्हणजे फ्यूजच्या जागी बल्ब आला. आता जी काही वीज दिव्यांकडे जाईल ती या बल्बातूनच जाणार. पुढे प्रत्यक्ष शॉट असला तरी प्रवाह २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. तार तापत नाही, काही उडत नाही, आणि आपल्याला तासभर निवांत शोधता येते. शॉट असला की हा बल्ब झगझगीत पेटतो. नसला की मिणमिणतो किंवा विझतो. दिव्यांच्या वाटेवरचे सगळे बल्ब, हेडलाइटसुद्धा, काढून ठेवावेत आणि लाइटचा स्विच चालू करावा. आता वीज जाण्यासारखी कोणतीच जागा राहिलेली नाही. तरीही परीक्षेचा बल्ब पेटला, तर तार कोठे तरी पत्र्याला टेकली आहे हे नक्की.

मग अर्धे-अर्धे करीत जायचे. वायरिंगमध्ये मधूनमधून प्लास्टिकचे कपलर असतात. त्यांतून मागचा भाग पुढच्यापासून सोडवता येतो. मागचा कपलर काढला आणि बल्ब विझला, तर दोष मागे. नाही विझला, तर पुढे. असे करीत दोष हातभर लांबीत आणून ठेवता येतो.

येथे मल्टिमीटरविषयी दोन शब्द. लॅमिंग्टन रोडवर तो स्वस्तात मिळतो आणि हाती असला की माणसाला आपण इंजिनिअर असल्यासारखे वाटते. त्याचा उपयोग आहेच. पण बल्ब जागेवर ठेवून त्याने रोध मोजला, तर नवखा माणूस हमखास फसतो. २१ वॅटच्या बल्बाचा रोध पेटलेला असताना जवळजवळ ७ ओहम असतो. थंड असताना तो त्याच्या काही अंशानेच भरतो. मीटर 'पीं' करतो आणि धडधाकट बल्बाला शॉट ठरवले जाते. शिवाय आमच्या गाडीत झाला तसा येऊन-जाऊन असणारा शॉट मीटरच्या आकड्यांत पकडणे कठीण. पेटणारा बल्ब गाडीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो.

आमच्या गाडीतला हा शॉट गेल्या जुलैतला. संध्याकाळी लाइट लावून गाडी निघायची आणि वाटेत फ्यूज जायचा. सकाळी गॅरेजात नेली की सारे दिवे लख्ख. तेथे प्रथम स्विच बदलला, मग हेडलाइटचा होल्डर. तिसऱ्या खेपेला सल्ला मिळाला, की सबंध वायरिंग नवे टाका. म्हणजे गाडी दोन दिवस उभी, खर्च वेगळा, आणि तोच महिना माझ्या आणि भावाच्या फीचा. वडिलांनी रात्रीची भाडी बंद केली. मागचा दिवा नसताना पूर्व द्रुतगती मार्गावर जाण्याची त्यांची तयारी नव्हती. हप्ता काही रात्र बंद झाली म्हणून कमी होत नाही.

पावसाळा असल्यामुळे पहिला संशय अर्थातच पाण्यावर. मला इतिहासाच्या तासाला एक सवय लागली आहे: घटना कोठे, केव्हा आणि कोणासमक्ष घडली हे आधी मांडायचे, कारण मागाहून. मी वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखले आणि रोज रात्री वडिलांना विचारून भरू लागले. आठ दिवसांत पाच नोंदी झाल्या. असल्फाचा चढ, तीन प्रवासी. स्टेशनकडून येताना गतिरोधक, तीन प्रवासी. एकदा एक बाई, दोन मुले आणि तांदळाचे पोते. पाचांपैकी दोन दिवस पाऊस मुळीच नव्हता. आणि घरी परतताना, लाइट लावलेली पण मागे कोणी नाही, असे एकदाही नाही.

मी म्हटले, "बाबा, गाडी रिकामी असताना एकदाही उडालेला नाही."

वडील थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. ते वाचतात सावकाश. मग म्हणाले, "अगं, मग माणसं बसवून बघू की."

गॅरेजात गाडी जाते ती दिवसा आणि रिकामी. तेथे शॉट दिसणार कसा?

रविवारी सकाळी चाळीखाली सपाट जागेवर गाडी उभी केली, हँडब्रेक लावला, फ्यूजच्या जागी बल्ब बसवला, दिव्यांचे सगळे बल्ब काढले, स्विच चालू केला. बल्ब विझलेला. हॅन्डल डावीकडे, उजवीकडे फिरवले. (ही जागा आधी तपासावीच; हॅन्डलबरोबर तारा दिवसातून हजार वेळा वळतात आणि तेथे आवरण झिजते.) काही नाही. मग मागे आई, शेजारच्या मावशी आणि माझा भाऊ असे तिघे बसले. मावशी बसताक्षणी बल्ब फक्कन पेटला. "माझ्यामुळं झालं का गं काही?" असे त्यांनी घाबरून विचारले. त्या उठल्या, बल्ब विझला. पुन्हा बसल्या, पुन्हा पेटला. गल्लीतली पोरे जमली, आणि मावशींना चार-पाच वेळा उठबस करावी लागली.

मग सीटखालचा मागच्या वायरिंगचा कपलर काढला आणि सर्वांना पुन्हा बसवले. बल्ब पेटला नाही. म्हणजे दोष कपलरच्या मागे. माणसे बसल्यावर मागे बदलते काय? रिक्षाची मागची चाके एकेका लोखंडी दांड्याच्या टोकाला असतात. भार पडला की सांगाडा खाली येतो, म्हणजे सांगाड्याच्या मानाने हा दांडा वर चढतो. कपलर पुन्हा जोडला, आणि चाकाच्या मागून बॅटरी व आरशाचा तुकडा धरून पाहिले. (माणसे बसलेली असताना गाडीखाली शिरू नये.) टेल लाइटकडे जाणाऱ्या तारेला धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप तुटली होती. तार सैल होऊन लोंबत होती, आणि दांडा वर आला की तिला बरोबर वरच्या पत्र्याच्या कडेवर दाबत होता. रिकाम्या गाडीत दोहोंमध्ये दोन बोटे अंतर. दिवसा मात्र तिघे बसले तरी फ्यूज जात नसे, कारण लाइट बंद असल्याने त्या तारेत वीजच नसे.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. नेहमी ऋणच आधी. धन टोक आधी सोडवायला गेले आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातूनच शॉट होतो. ऋण सुटलेले असले की पत्र्याला परतीची वाटच राहत नाही. जोडताना ऋण शेवटी. मग तारेचा खराब तुकडा कापून टाकला, त्याच जाडीचा नवा तुकडा जोडला, पीळ देऊन कथील ओतले, वर बाही चढवून टेप गुंडाळली. नुसती टेप पुरत नाही. इंजिनाच्या उष्णतेने तिचा डिंक पातळ होतो आणि पावसाळा संपेपर्यंत ती उलगडते. सगळा जुडगा दांड्यापासून दूर घेऊन नवी क्लिप बसवली. पत्र्यातल्या भोकाची रबरी रिंगही कडक होऊन चिरली होती, ती बदलली. फ्यूज घालण्यापूर्वी मावशींना आणखी एकदा बसण्याची विनंती केली. बल्ब विझलेलाच राहिला, तेव्हा लाल फ्यूज घातला.

प्रत्येक शॉट असा सैल क्लिपेचा असतो असे नाही. आमच्या भागात रात्री ताडपत्रीखाली उभ्या केलेल्या गाड्यांत उंदीर तारा कुरतडतात. तेथे दातांच्या खुणा दिसतात. मोबाइल चार्जर, स्पीकर, रंगीत माळा यांसाठी मूळ तार सोलून केलेले जोड हे आणखी एक ठिकाण. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत कपलरच्या आत हिरवट गंज धरतो आणि दोष महिनोन्‌महिने निघत राहतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कित्येक गाड्यांचे असेच झाले, असे जुने चालक सांगतात.

आणि जो शॉट नव्हेच पण शॉट म्हणून गणला जातो, असाही एक प्रकार आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावला की टेल लाइट लुकलुकतो. फ्यूज मात्र शाबूत. येथे जवळची वाट निर्माण झालेली नसून परतीची वाट अडलेली असते. मागच्या दिव्यांची अर्थची वायर पत्र्यापाशी गंजली, की वीज शेजारच्या बल्बातून उलटी जाऊन परतायला पाहते. यावर उपाय म्हणजे तो एक स्क्रू काढून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा घट्ट आवळणे. यासाठी सबंध वायरिंग बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी पॉलिश पेपर मागून पाहावा.

वडिलांच्या गाडीत आता सीटखालच्या डब्यात १० अँपिअरचे चार फ्यूज, एक २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आणि वितीएवढ्या दोन वायरी असतात. स्टँडवरच्या दोघांनी तशीच जोडणी आमच्याकडून करवून घेतली आहे. त्यांपैकी एकाच्या गाडीचा हेडलाइट फक्त उजवीकडे वळताना जातो. येत्या रविवारी ती पाहायची आहे.